साक्षीदार होशीन का?

रात्रीचे साडेबारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी हीट ट्रान्सफरच्या जर्नलचं सबमिशन, त्यामुळे आमची अख्खी विंग जागी. कुणाच्या तरी एका पूर्ण जर्नलभोवती आम्ही पाच जण कोंडाळं करून रीडिंग उतरवत होतो. तेवढ्यात माझा रूम पार्टनर जवळ येऊन बसला. तो सिव्हिलचा, आमच्या जर्नलशी त्याचं काही देणंघेणं नाही. हळूच म्हणाला, "राजा, एक काम होतं. साक्षीदार होशीन का?"

मला वाटलं हा कुठेतरी गाडी ठोकून आला. म्हटलं, "कशाचा?"

"लग्नाचा. माह्या."

पाचही जणांची पेनं थांबली. मग त्याने सगळं सांगितलं. मुलगी त्याच्याच गावची. अकरावीपासूनचं प्रेम. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या घरी आता पाहुणे येऊ लागलेत. जात एकच, शिक्षण सारखं, दोन्ही घरची परिस्थिती जवळपास सारखी. अडचण एवढीच की दोन्ही घरांमध्ये बावीस वर्षांपासून बोलचाल नाही. म्हणून नागपूरला जायचं, रजिस्टर लग्न करायचं आणि मग गावाला कळवायचं. तीन साक्षीदार लागतात, तेवढे आम्ही द्यायचे.

खरं सांगतो, पुढचा अर्धा तास आम्हाला फार मजा आली. एकाने आपली बाईक देऊ केली. एकाच्या मावसभावाची नागपूरला रिकामी खोली होती. एकजण म्हणाला, हार मी आणतो. प्रत्येकाला वाटत होतं की आपण काहीतरी मोठं करतोय. जर्नल तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पाचही जणांना सरांनी बाहेर उभं केलं, ते सोडा. पण त्या रात्री झोप लागेना तेव्हा एक प्रश्न डोक्यात आला, की आम्ही नेमके कशाचे साक्षीदार होणार आहोत? हा लेख त्या प्रश्नाचा आहे. पार्टनरला विचारूनच लिहितोय. गावाचं नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी अर्थातच वगळल्यात.

आधी भांडण काय ते ऐका. दोघांची शेतं लागून आहेत आणि मध्ये एक धुरा आहे. एका मृगात एकाचा वखर धुऱ्यावर चढला. दुसऱ्याने पुढच्या वर्षी तो भरून काढला. मग धुऱ्यावरची बाभूळ कोणाची यावरून शिवीगाळ झाली, प्रकरण ठाण्यात गेलं, तारखा लागल्या. तेव्हापासून एकाच्या घरच्या लग्नात दुसरा जेवायला जात नाही, मैतीला जात नाही. पोळ्याच्या तोरणाखाली यांची जोडी त्यांच्या जोडीच्या बाजूला उभी राहत नाही. माझा पार्टनर जन्मला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सातबाऱ्यावर त्याचं नाव अजून चढायचं आहे, पण वैर मात्र त्याच्या नावावर कधीच चढलं!

मी त्याला विचारलं, भांडण किती जागेचं आहे? तो म्हणाला, जास्तीत जास्त दोन फूट. धुऱ्याची लांबी सहाशे फूट. आता आपण इंजिनिअर लोक, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. दोन गुणिले सहाशे म्हणजे १२०० चौरस फूट. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे पुरता सव्वा गुंठाही नाही. एकरी आठ क्विंटल कापूस धरला तर या पट्ट्यात वर्षाला साधारण २२ किलो कापूस होईल. बावीस किलोसाठी बावीस वर्षं!

हसू नका. तुमच्या-माझ्या गावात असा एक तरी धुरा असतोच. कुठे धुरा नसेल तर पांदण रस्ता असतो, विहिरीची पाळी असते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेलं पॅनल असतं. कारण बहुतेक वेळा लहान असतं. मोठी होते ती त्याभोवतीची इज्जत.

आता आपण मुलांनी या गोष्टीकडे कसं पाहिलं? सिनेमासारखं. कारण आपल्याला हा विषय सिनेमानेच शिकवला आहे. दोन घरांचं वैर, एक मुलगा, एक मुलगी, पळून जाणं, शेवटी दोघांचा जीव जाणं. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'पासून हेच चालत आलंय. त्या नाटकात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्हेरोना शहरातल्या त्या दोन घराण्यांचं भांडण कशावरून सुरू झालं हे नाटकात कुठेच सांगितलेलं नाही. बहुधा त्या घराण्यांनाही ते आठवत नसावं. आणि ती दोन घरं एक होतात ती पोरांची प्रेतं समोर आल्यावर. आपण त्याला अमर प्रेमकथा म्हणतो. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते?

२०१६ साली आलेला 'सैराट' आपण सगळ्यांनी पाहिलाय. आपल्या गॅदरिंगला त्यातल्या गाण्यावर नाचलोही आहोत. पण त्या सिनेमाचा शेवट आठवून कोणी नाचत नाही. तो शेवट खोटा म्हणावा तर तसंही नाही. २०१३ च्या जानेवारीत नगर जिल्ह्यातल्या सोनईला प्रेमप्रकरणाच्या आणि जातीच्या रागातून तीन तरुणांचे खून झाले आणि २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. तेव्हा बाईक, रिकामी खोली आणि हार एवढ्या तयारीवर आम्ही ज्या कामाला निघालो होतो, ते काम गमतीचं नव्हतं.

पण मला सिनेमापेक्षा आणि शेक्सपिअरपेक्षा जवळची एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या नदीच्या काठावरची. आर्वी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे कौंडिण्यपूर लागतं. जिल्हा अमरावती, पण नदी आपलीच. विदर्भाचा राजा भीष्मक याची ती राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर, असं परंपरा सांगते. तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आलेत. मीही दोनदा गेलोय. एकदा आजीबरोबर आणि एकदा बंक मारून.

रुक्मिणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. भाऊ रुक्मी याचं कृष्णाशी वैर. त्याने बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. रुक्मिणीने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला आणि कृष्णाने तिला पळवून नेलं. टाळ्या, पडदा! भागवतात मात्र याच्या पुढचंही दिलंय आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट निरोपाची. रुक्मिणी त्यात नुसती 'मला घेऊन जा' म्हणत नाही. ती सांगते की मी राजवाड्याच्या आत आहे, तिथून न्यायचं तर माझी माणसं मारावी लागतील. पण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने. म्हणजे बेत तिने आखला, जागा आणि वेळ तिने ठरवली. आणि आपल्यामुळे माहेरचं माणूस मरू नये हा विचार तिने सगळ्यात आधी केला.

दुसरी गोष्ट. रुक्मी चालून गेला, 'कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही' अशी शपथ घेऊन. तो हरला. कृष्ण त्याला मारणार तेवढ्यात रुक्मिणी पाया पडली, म्हणून जीव वाचला. पण कृष्णाने त्याचे केस आणि मिशा अर्धवट भादरून त्याला विद्रूप केलं. बलरामाला हे आवडलं नाही. नातेवाइकाला असं करणं बरं नव्हे म्हणून त्याने कृष्णालाच सुनावलं. रुक्मी मात्र शपथ मोडायची नाही म्हणून घरी परतलाच नाही. त्याने भोजकट नावाचं वेगळं नगर वसवलं आणि तिथेच राहिला.

तिसरी गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. पुढे याच रुक्मीच्या मुलीचं लग्न रुक्मिणीच्या मुलाशी, प्रद्युम्नाशी झालं. बहिणीला बरं वाटावं म्हणून रुक्मीने ते मान्य केलं, पण मनातलं वैर गेलं नाही. नंतर रुक्मीच्या नातीचं लग्न रुक्मिणीच्या नातवाशी, अनिरुद्धाशी ठरलं. भोजकटात मांडव पडला. लग्न लागलं. आणि वऱ्हाड तिथेच असताना कलिंगाच्या राजाने रुक्मीला फूस दिली, बलरामाबरोबर फासे टाक म्हणून. डाव रंगला, भांडण झालं, टोमणे झाले आणि भर लग्नघरात बलरामाने रुक्मीला ठार मारलं. त्या वेळी कृष्ण चांगलंही बोलला नाही, वाईटही बोलला नाही. बोलावं तर एकीकडे रुक्मिणी दुखावणार, दुसरीकडे भाऊ.

तीन पिढ्या, तीन लग्नं. तरी वैर संपलं नाही! तीन वेळा सोयरीक झाली, पण मूळ भांडण कोणी बसून मिटवलं नाही. अपमान तसाच राहिला, शपथ तशीच राहिली, आणि फाशांचं निमित्त मिळताच ते सगळं वर आलं.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. प्रेमाने वैर आपोआप मिटत नाही. 'एकदा लग्न झालं की दोन्ही घरं एक होतील, नातू झाला की सगळे विसरतील' असं आपण म्हणतो, पण ही आशा आहे, उपाय नाही. लग्न हा दोन माणसांचा प्रश्न आहे आणि धुरा हा दोन शेतांचा. दोन्हींच्या फायली वेगळ्या आहेत. गावाने त्या एकात एक घातल्या, आणि आपणही पळून जाऊन तेच करतो. घरचे म्हणतात धुऱ्यासाठी प्रेम सोड, आपण म्हणतो प्रेमासाठी धुरा विसरा. दोघंही चुकतात.

आता एकेक फाईल उघडून पाहू.

पहिली लग्नाची. कायदा इथे स्पष्ट आहे. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षं पूर्ण. माझा पार्टनर त्या रात्री वीस वर्षं पाच महिन्यांचा होता! आमच्यातल्या एकालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. तीन साक्षीदार, बाईक, खोली, हार सगळं तयार आणि नवरदेवच वयात बसत नाही. रजिस्टर लग्न तर झालंच नसतं, आणि तसंच कुठे जाऊन हार घातले असते तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मदत करणारेही अडकू शकतात.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असावा लागतो. नोटीस कार्यालयात लावतात, आणखी तीस दिवस हरकतीसाठी थांबतात, मगच लग्न. म्हणजे 'सकाळी नागपूर, संध्याकाळी नवरा-बायको' हे सिनेमातच. पण याच कायद्याची दुसरी बाजूही वाचा. हरकत घ्यायची तर कारणं ठरलेली आहेत. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकी मनाची स्थिती नसणं, निषिद्ध नातं असणं. 'आमचं त्यांच्याशी धुऱ्यावरून भांडण आहे' हे कारण त्या यादीत कुठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हे वेळोवेळी सांगितलंय. २००६ च्या लता सिंग प्रकरणात न्यायालय म्हणालं की सज्ञान माणूस आपल्या पसंतीने लग्न करू शकतो. आईवडिलांना मान्य नसेल तर त्यांनी फार तर संबंध तोडावेत, धमक्या आणि मारहाण चालणार नाही. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात तर प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांच्या तक्रारींसाठी पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी यांचा विशेष कक्ष करा, असं राज्यांना सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. थोडक्यात, लग्नाच्या फाईलमध्ये लपवण्यासारखं काही नाही. वय झालं की ती उजेडात उघडता येते.

दुसरी फाईल धुऱ्याची. इथे मला आमच्या सिव्हिलवाल्यांची थोडी खेचायची आहे. हे लोक सर्व्हे कॅम्पला जातात, उन्हात टोटल स्टेशन लावतात, ट्रॅव्हर्स जुळला नाही तर क्लोजिंग एररसाठी रात्रभर डोकं खाजवतात. पण स्वतःच्या बापाच्या धुऱ्याची शेवटची मोजणी कधी झाली हे माझ्या पार्टनरला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत दोन्ही घरांनी वकिलाला पैसे दिले, ठाण्याच्या चकरा मारल्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा साधा अर्ज मात्र दोघांपैकी एकानेही केला नाही. अर्ज करा, फी भरा, मोजणीदार येतो, लगतच्या शेतकऱ्याला नोटीस जाते, खुणा दाखवतात आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. मग का केला नाही? मला वाटतं, मनात भीती असावी. मोजणीत आपणच चुकीचे निघालो तर? मग बावीस वर्षं कशासाठी भांडलो, हे पोरांना काय सांगायचं?

शासनालाही ही नस कळलेली आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावातले तंटे गावातच बसून मिटवण्यासाठी. २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल, आणि असं बारा वर्षं चालत आलेलं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क फक्त १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. आमचं प्रकरण त्यात बसत नाही, पण बसणारी कितीतरी घरं आपल्या ओळखीत असतील.

तंटामुक्त समितीवरून एक गंमत आठवली. तंटे मिटवायला काढलेल्या या समित्यांनी विदर्भात भलतंच एक काम अंगावर घेतलं. पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावून द्यायचं! 'तंटामुक्त समितीने लावला प्रेमविवाह' ही बातमी आपल्याकडच्या पेपरात कितीदा वाचली असेल. अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील, दोन हार आणि एक फोटो. काहीजण याला हसतात. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. दोन्ही घरच्यांना चार लोकांसमोर बोलावणं, पोरांना विचारणं, वय पाहणं आणि गावाने साक्षीदार होणं, हे पाच हॉस्टेलवाल्यांनी रात्री साक्षीदार होण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त फोटोवर थांबू नये. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत रीतसर व्हावी, आणि त्याच बैठकीत समितीने जुना तंटाही काढावा. नाव तर त्याचंच आहे ना?

कोणी म्हणेल, हे सगळं जात एक असताना ठीक आहे. जिथे जात वेगळी तिथे मोजणी कशाची करणार? बरोबर आहे. तो धुरा फार खोल आहे आणि त्याची 'क' प्रत कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. पण त्या बाबतीतही आपल्या जिल्ह्याने एक वाट दाखवली आहे. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांनी आपल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी कबूल केलं. लग्नाआधीच गांधीजींची हत्या झाली. तरीही १९४८ च्या मार्चमध्ये ते लग्न सेवाग्राम आश्रमात लागलंच. आपल्या हॉस्टेलपासून सेवाग्राम कितीसं लांब आहे? आपण पाहुण्यांना बापूकुटी दाखवायला नेतो, पण हे लग्न कोणाला सांगत नाही.

आणि याच जिल्ह्यातल्या पवनारचे विनोबा. १९५१ च्या मार्चमध्ये इथून पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना शंभर एकर दान मिळालं. ज्या मातीतून माणूस लोकांना जमीन मागायला निघाला आणि लोकांनी दिली, त्याच मातीत आपण दोन फुटांसाठी पिढ्या घालवतोय.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. तिच्या घरी पाहुणे येतायत, जीवाची भीती आहे, अशा वेळी मोजणीची वाट पाहत बसायचं का? नाही. धमकी असेल, मारहाण असेल, मर्जीविरुद्ध लग्न लावत असतील, तर आधी जीव, मग बाकी सगळं. सरळ पोलिसांकडे जावं, एकटं जाऊ नये, एखादा वकील किंवा विश्वासातले सर बरोबर घ्यावेत. पण अशी भीती खरोखर आहे का, हे कोणी ठरवायचं? मुलाने? त्याच्या रूम पार्टनरने?

इथे मला आमच्याच चुकीवर यायचं आहे. तिसऱ्या दिवशी पार्टनरने तिला फोन लावून सगळा बेत सांगितला. स्पीकरवर. आम्ही शेजारी बसलेलो, शाबासकीच्या तयारीत. तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग ती म्हणाली, "गाडी ठरली, खोली ठरली, साक्षीदारबी ठरले. मले कोनं इचारलं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. मग ती शांतपणे बोलली. तिची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. पेपर सोडून तिला कुठेही जायचं नाही. पाहुणे येतात, पण तिने आईला 'एम.एस्सी. झाल्याशिवाय नाही' म्हणून सांगितलंय आणि आई तिच्या बाजूने आहे. घरी मारझोड नाही, धाक आहे तो अबोल्याचा. "मी पळून गेली तं माह्या मागं माह्या लहान बहिणीचं शिक्षण बंद होईन, ते तुमाले कोनाले दिसलं नाही," असं ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रुक्मिणीने बेत स्वतः आखला होता आणि माहेरची माणसं मरू नयेत एवढी काळजी घेतली होती, हे मला त्या फोननंतर खऱ्या अर्थाने कळलं. गंमत पहा, आपल्याकडे मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून तिला 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण करायला सांगतात. ज्या मुलीने घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारलं, तिचीच कथा घरचे वाचायला देतात आणि पोथी मिटली की 'तुला काय कळतं' म्हणतात! आम्ही तर पोथीही न वाचता तेच केलं.

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही नाही. पार्टनर दिवाळीला घरी गेला आणि पहिल्यांदा वडिलांना म्हणाला, "बाबा, आपण धुऱ्याची मोजणी करून घेऊ." मुलीचं नाव काढलं नाही. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "फी किती लागते?" एवढंच. अर्ज भरलाय, तारीख यायची आहे. मोजणीत दोन फूट कोणाकडे निघतील सांगता येत नाही. त्याच्या बाबांकडे निघाले तर ते सोडायची तयारी ठेवायला त्याने बाबांना आताच सांगून ठेवलंय. मुलीचं नाव तो २१ पूर्ण झाल्यावर, तिची परीक्षा झाल्यावर, तिच्या संमतीने काढणार आहे. घरचे हो म्हणतील याची खात्री नाही. नाही म्हणाले तर तीन साक्षीदार आहेतच, तेव्हा दिवसाढवळ्या, नोटीस देऊन.

गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. घरं वैरी नव्हती, उलट वडील जिवलग मित्र. तरी दोघा वडिलांनी पोरांना पाच वर्षं थांबायला सांगितलं. ती थांबली आणि १९३३ मध्ये पुण्याला त्यांचं लग्न झालं. आमच्या पार्टनरला सातच महिने थांबायचंय. थांबणं म्हणजे हार मानणं नव्हे, हे त्याला आता पटलंय. (सातच महिने म्हटल्यावर तो माझ्यावर भडकला होता ते वेगळं!)

शेवटी दोन विनंत्या. पहिली हॉस्टेलच्या मित्रांना. उद्या कोणी येऊन 'साक्षीदार होशीन का' म्हणालं तर लगेच गाडीची किल्ली काढू नका. तीन प्रश्न विचारा. वय किती? तिला विचारलंस का? आणि घरांचं भांडण नेमकं किती फुटांचं आहे? उत्तरं नीट आली तर मग मागे हटू नका. भीतीने साथ सोडणारा मित्र काही कामाचा नाही.

दुसरी विनंती आमच्या सरांना, मॅडमना आणि रेक्टर सरांना. कॅम्पसमध्ये दोघं एकत्र दिसले की पहिला फोन घरी जातो. सर, तो फोन तुमच्यासाठी शिस्तीचा असेल, पण गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं हे तुम्हाला इथून दिसत नाही. त्या घरांमध्ये एखादा धुरा असू शकतो. आधी पोरांना बोलावून विचारा. रागवा, पण विचारा. आम्हाला सल्ला द्यायला रात्री साडेबाराला दुसरा हॉस्टेलवालाच भेटतो, आणि तो किती हुशार असतो ते तुम्ही वर वाचलंच!

आणि हो, या सुट्टीत घरी गेलात तर आपला सातबारा एकदा मागून पहा. आपल्या नावावर काय येणार आहे, ते आधीच माहीत असलेलं बरं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी